मास्टरनं टॅप केलं होतं

आमच्या जुजुत्सू क्लासची पुस्तिका निघते आहे. सध्या क्लास चालवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं मजकूर टाइप करून मला केडगावला पाठवला आणि एकदा नजर टाका म्हणाला. पहिल्याच पानावर ती गोष्ट आहे. श्रीरामपूरच्या पहिल्या प्रात्यक्षिकात सहसंस्थापकांनी हट्टापायी टॅप केलं नाही, त्यामुळे त्यांचं कोपर निखळलं, आणि त्यातून आपल्या क्लासचा पहिला नियम तयार झाला. ही गोष्ट मीच सांगितलेली आहे. तीसेक वर्षं सांगतो आहे. ती खोटी आहे.

मी तेव्हा श्रीरामपूरला शाळेत खेळाचा शिक्षक होतो. अंग तालमीतलं. शाळेसमोर एका शिंप्याचं दुकान होतं, त्याला सगळे मास्टर म्हणायचे, मीही. तो मला पैलवान म्हणायचा. तरुणपणी पुण्यात एका टेलरकडे कामाला असताना तो संध्याकाळी ज्यूदो आणि कराटे शिकला होता. लाठी त्याच्या घरातच होती, मोहरममध्ये त्याचे वडील फिरवायचे. आम्ही दोघांनी मिळून एक पद्धत बसवली. फेकायला कुस्तीतली ढाक आणि धोबीपछाड, पकडायला ज्यूदोसारखी कॉलर, पाय टाकायचे लाठीचे. पण खाली पडल्यावर सांधे अडकवून धरायची कुलुपं जुजुत्सूची, म्हणून नाव तेच ठेवलं. यावर त्याच्या दुकानात आम्ही महिनोन्‌महिने भांडलो. माझ्या दृष्टीनं पाठ टेकली की कुस्ती संपली. तो मशीन चालवता चालवता म्हणायचा, पाठ टेकली की खरं काम सुरू होतं. जाकिटंही तोच शिवायचा, जाड दोसुतीची, कॉलरवर इतक्या शिलाया की ओढून फाटू नये.

टॅप म्हणजे काय ते सांगतो. कुलूप बसलं, आता पुढं गेलं तर सांधा जाईल असं वाटलं की खालच्यानं वरच्याच्या अंगावर तळव्यानं दोनदा थोपटायचं. वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं. सगळा खेळ या एका भरवशावर चालतो. कुस्तीत असं काही नाही. आमच्या भागात पैलवानानं स्वतःहून हरलो म्हणणं हे हरण्यापेक्षा वाईट समजतात.

प्रात्यक्षिक मार्केट यार्डातल्या एका रिकाम्या गोडाऊनमध्ये झालं. गोण्यांत उसाचं पाचट भरून वर ताडपत्री ओढली होती. पुढच्या रांगेत तालमीतले लोक होते, मधोमध माझे वस्ताद. आम्ही शिकवलेल्या मुलांच्या पहिल्या दोन-तीन जोड्या झाल्या. खालचा टॅप करी, वरचा सोडी. तेव्हा एक म्हातारा पैलवान सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हात लागला की टाळी. ह्यो क्लास हाय का भजनी मंडळ?" सगळे हसले. वस्तादही हसले. मीही हसलो, हे मला आठवतं.

मग मी आणि मास्टर उतरलो. ठरल्याप्रमाणे मी त्याला ढाकेवर घेतलं, खाली आणलं आणि त्याच्या उजव्या हाताला कुलूप लावलं. त्यानं माझ्या मांडीवर दोनदा थोपटलं. स्पष्ट थोपटलं, मला समजलं. मी मान वर करून वस्तादांकडे पाहिलं. ते आता हसत नव्हते, पुढं झुकून बघत होते. मी सोडलं नाही. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्यानं पुन्हा थोपटलं, आणि मग कोपराचा आवाज आला. वस्ताद म्हणाले, "हां." एवढंच म्हणाले.

हे लिहिताना काही वाटेल अशी माझी समजूत होती. काही वाटत नाही. जे झालं ते उतरवतो आहे.

दवाखान्यात त्याची बायको धावत आली आणि तिनं मला विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, त्यानं टॅपच केलं नाही, वहिनी. मास्टर तिथंच बाकावर होता, त्याला प्लॅस्टर घालत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग प्लॅस्टरकडे पाहिलं. बोलला नाही. मला वाटलं, नंतर बोलेल. त्याला बहुधा वाटलं असेल, मी नंतर बोलेन.

पुढं मी नियम केला की आमच्या क्लासमध्ये टॅप करताना तोंडानं "बास" असंही म्हणायचं. नव्या मुलांना पहिल्या दिवशी नियम आणि त्यामागची गोष्ट सांगायची. लोकांना नियम आवडला. मास्टरचा हात पुन्हा सरळ झाला नाही. कापड बेतायची मोठी कात्री त्याला चालवता येईना, म्हणून बेतणं त्याच्या बायकोनं शिकून घेतलं. शिलाई तो करत राहिला. आमची जाकिटंसुद्धा. मी दुकानात जायचो, चहा प्यायचो, गठ्ठा घेऊन यायचो, आणि तीच जाकिटं घातलेल्या मुलांना संध्याकाळी ती गोष्ट सांगायचो. त्यानं कधी विषय काढला नाही. मी निवृत्त झालो, मुलाकडे केडगावला राहायला आलो.

पुस्तिकेचा तो कागद आल्यावर मी एसटीनं श्रीरामपूरला गेलो. मास्टर घरीच होता. त्याच्या सुनेनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी त्याला पान वाचून दाखवलं आणि म्हणालो, हे मी बदलतो, तू टॅप केलं होतंस असं लिहितो.

तो म्हणाला, "कशाला?"

मला वाटलं होतं, तो रागावेल किंवा रडेल. तो सांगू लागला. आधी तो गप्प बसला, कारण खरं बाहेर आलं असतं तर क्लास पहिल्याच दिवशी बंद पडला असता. नंतर लोक दुकानात येऊन म्हणायला लागले, हात मोडला पण मास्टरनं हार मानली नाही. "मला बरं वाटलं," तो म्हणाला, "खोटं कशाला बोलू. माझा पोरगा टेम्पो स्टँडवर हेच सांगतो. नाती शाळेत सांगत्यात. आता तू लिहिनार, म्हाताऱ्यानं लगीच टॅप केलं."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी त्याच्यावर डाग ठेवला. त्याच्या घरात त्याचा मान झाला होता, आणि आता तो मी काढून घ्यायला आलो होतो. मी विचारलं, मग राहू देऊ का तसंच?

"म्हंजे ह्ये बी परत माझ्यावरच टाकतोस," तो म्हणाला.

मी कागदाची घडी घातली. दुपारी मुलगा जेवायला आला. चाळिशीचा असेल. मला बघून, चाचा लई दिवसांनी, म्हणाला आणि ताटावर बसला. मास्टरनं त्याला दोन घास खाऊ दिले.

"चाचा पुस्तकात खरं लिहिनारेत," मास्टर म्हणाला. "मी टॅप केलं हुतं."

मुलाचा हात ताटात थांबला. "कवा?"

"लगीच. कुलूप बसल्या बसल्या."

मुलानं बापाच्या कोपराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "मग यांनी सोडलं का न्हाई, अब्बा?"

"त्यांनाच इचार."

त्यानं विचारलं नाही, पण थांबला. मी म्हणालो, "समोर लोक बसले होते."

तो पुन्हा जेवू लागला. सुनेनं डाळ वाढली, त्यानं घेतली. जेवण झाल्यावर हात धुतले, किल्ली उचलली. दारातून बापाला म्हणाला, "जास्त येळ बसू नका, पाठ धरंल." मास्टर म्हणाला, लिही आता.

घरी येऊन मी तो परिच्छेद खोडला आणि खाली लिहिलं: त्यांनी टॅप केलं होतं. मला समजलं होतं. समोर लोक बसले होते म्हणून मी सोडलं नाही, आणि नंतर सगळ्यांना उलटं सांगितलं. विद्यार्थ्याचा फोन आला. पालक वाचतील, सर, नुसतं अपघात म्हणूया का? मी नाही म्हणालो. मास्टरांना चालेल का, त्यानं विचारलं. मी सांगितलं की त्यांनी स्वतः मुलाला सांगितलं आहे, माझ्यासमोर. तो छापतो म्हणाला.

छपाई अजून व्हायची आहे. मास्टरची प्रत पोस्टानं पाठवू नको, असं मी त्याला सांगून ठेवलं आहे. ती मी नेऊन देणार आहे, दुपारी, मास्टरचा मुलगा जेवायला घरी असतो तेव्हा.