जावयाची किट कार

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आमच्या शेजारी एक निवृत्त अमेरिकन गृहस्थ राहत. घर विकून फ्लोरिडाला निघाले तेव्हा त्यांच्या गॅरेजात एक अर्धवट गाडी उरली होती. ती किट कार होती. कुठल्याशा जुन्या, छोट्या गाडीचा तळ आणि इंजिन घ्यायचं आणि त्यावर खोक्यांतून आलेली फायबरची नवी बॉडी आपल्या हातांनी चढवायची. बाहेरून रेसची गाडी, आतून वीस वर्षांची म्हातारी. ते मला म्हणाले, "तू मेकॅनिकल इंजिनिअर ना? मग तूच ने."

मी मेकॅनिकल इंजिनिअर होतो हे खरं. पुण्याची डिग्री, इथली मास्टर्स. ऑफिसात कारखान्यांतली मोठी यंत्रं थंड कशी ठेवायची याची गणितं करायचो. पण तोवर एकाही गाडीचं बॉनेट उघडलं नव्हतं. शेजाऱ्यांना हे सांगायचं राहिलं.

दोन उन्हाळे घालवून मी ती जोडली. लालभडक, दोन सीटांची, इंजिन मागे. बायकोला घेऊन पहिली चक्कर मारायला निघालो आणि दहाव्या मिनिटाला पाऊस आला. काचेच्या कोपऱ्यातून पाण्याची धार लागली, ती नेमकी तिच्या गुडघ्यावर. घरी आल्यावर मी जिथे फट दिसेल तिथे सिलिकॉन भरलं. तीन ट्यूब संपल्या. गाडीला व्हिनेगरचा वास मारायला लागला. पुढच्या पावसात धार माझ्या बाजूला आली.

"गळणं थांबलं नाही हो," बायको म्हणाली, "तुमच्याकडे ट्रान्स्फर झालंय."

पाणी कार्पेटखाली मुरत होतं. खालच्या पत्र्याला गंज चढला. मी त्यावर काळा रंग फासला आणि वर नवं कार्पेट अंथरलं. गंज दिसेनासा झाला. माझ्या दृष्टीने तो विषय संपला.

त्या वर्षी जूनमध्ये सांगलीहून सासरे आले, सहा महिन्यांसाठी. सासूबाई नव्हत्या. आम्ही दोघं कामावर गेलो की ते घरात एकटेच. त्यांना मी मामा म्हणत असे. बस डेपोच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं काढून, फोरमन म्हणून ते निवृत्त झाले होते. शनिवारी मी गॅरेजात शिरलो की ते घडीची खुर्ची घेऊन दारात बसायचे आणि गप्प बघत राहायचे.

मला हा माणूस डेपोत काय करत होता हे ठाऊक होतं. तरीही मी त्यांना इंजिन कसं चालतं ते समजावून सांगितलं. एकदा तर खडूने जमिनीवर आलेख काढला. ते मान हलवून म्हणाले, "असं होय."

इंजिनाचा त्रास वेगळाच होता. वीस मिनिटं गाडी झकास चालायची, मग तापून बंद पडायची. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मी कार्बोरेटर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला, प्लग बदलले. गाडीचा वीस मिनिटांचा नेम काही चुकला नाही.

सप्टेंबरात महाराष्ट्र मंडळाचा गणपती होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. मी हट्टाने मामांना किट कारमध्ये बसवलं. मंडळात मी या गाडीबद्दल बरंच बोलून ठेवलं होतं. मोदकांचा डबा घेऊन बायको आमच्या स्टेशन वॅगनमधून मागे येत होती. "मी मागेच राहते," ती म्हणाली, "म्हणजे उचलायला बरं."

हायवेला लागलो. मामांनी पाय जरा ताणले आणि पत्रा मोडल्यासारखा आवाज आला. थोड्या वेळाने ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, माझी चप्पल गेली वाटतं."

"कुठे गेली?"

"खाली."

मी वाकून पाहिलं. कार्पेट फाटलं होतं आणि त्यांच्या पायाशी भोकातून रस्ता पळताना दिसत होता. "पाय वर घ्या, पाय वर घ्या!" मी ओरडलो. ते मांडी घालून बसले. "आरतीला काढावीच लागली असती," म्हणाले.

मी घाबरून गाडी कडेला घेत होतो, तेवढ्यात इंजिनानेही मान टाकली. मागून बायको आली. भोक पाहिलं, वडिलांचा अनवाणी पाय पाहिला, आणि इतके दिवस आवरून धरलेलं सगळं बाहेर पडलं. पण माझ्यावर नाही.

"बाबा, तुम्हाला कळतंय ना यातलं? मग तीन महिने सांगत का नाही यांना?"

मामा संकोचले. "त्यांनी विचारलं नाही. आणि जावयाला आपण होऊन कसं सांगायचं गं? ते एवढे शिकलेले."

हायवेच्या कडेला, झब्बा घालून, मी पहिल्यांदा विचारलं, "मामा, काय झालं असेल हो?"

त्यांनी घाई केली नाही. इंजिन निवल्यावर मला ते सुरू करायला लावलं. मोदकांच्या डब्यावरचा टिश्यू पेपर घेऊन त्याची एक पट्टी फाडली आणि इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या फटीवर धरली. पट्टी सरळ वर उडाली.

"बघा. खालची गरम हवा वर येतीय आणि पंखा तीच परत ओढतोय. स्वतःचाच श्वास घेऊन गुदमरतंय ते. इथे चारी बाजूंनी रबराची पट्टी असणार. कुठाय ती?"

ती पट्टी मला चांगली आठवत होती. खोक्यात उरली होती, कशाची ते कळेना, म्हणून मी ती गॅरेजच्या दाराखाली बर्फ आत येऊ नये म्हणून ठोकली होती. ते जाऊ दे. गरम हवा फिरून परत आत जाते आणि यंत्र तापतं, या विषयावर मी त्याच वसंतात ऑफिसात बावीस पानांचा रिपोर्ट लिहिला होता. साहेबांनी शाबासकी दिली होती.

गाडी दुसऱ्या दिवशी ओढून आणायची ठरवून ती तिथेच सोडली आणि आम्ही स्टेशन वॅगनमधून आरतीच्या शेवटी पोचलो.

पुढच्या शनिवारी घडीच्या खुर्चीत मी बसलो. मामांनी डॅशबोर्डभर टाल्कम पावडर फासली आणि मला बाहेरून काचेवर पाइपने पाणी मारायला सांगितलं. पावडरीवर पाण्याची वाट स्वच्छ उमटली. वायपरच्या नटापाशी पाणी शिरत होतं आणि वायरींवरून ओघळत कोपऱ्यात जमत होतं. एक रबरी वॉशर बसवला, गळणं थांबलं. माझं तीन ट्यूब सिलिकॉन खरवडून काढायला मात्र दोन दिवस लागले. गॅरेजच्या दाराखालची रबराची पट्टी उपटून मामांनी ती इंजिनाभोवती तिच्या जागी बसवली.

पत्र्यासाठी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलो. मामांना इंग्रजी येत नव्हतं, त्याला मराठी. मी दुभाषा म्हणून मध्ये उभा राहिलो, पण पाच मिनिटांत माझी कुणाला गरज उरली नाही. मामांनी सगळा तळ हातोडीने ठोकून पाहिला, आवाज बद्द येईल तिथे खडूने खूण केली. निम्मा पत्रा खुणांनी भरला. तेवढा कापून त्यांनी नवा वेल्ड केला, तेव्हा तो गॅरेजवाला वेल्डिंग पाहत बराच वेळ उभा राहिला. मग स्वतःची कॉफी त्यांना देऊन टाकली.

परत येताना मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रिटायर झाल्यापासून कामाचं असं कुणी विचारलंच नव्हतं." तीन महिने हा माणूस माझ्या दारात बसून होता आणि मी त्याला आलेख काढून दाखवत होतो.

त्या रविवारी आम्ही दोघं गाडी घेऊन तासभर फिरलो. वीस मिनिटं झाली तेव्हा मी स्टिअरिंग घट्ट धरलं. एकविसाव्या मिनिटाला मामा हसले.

दिवाळीला मंडळात सगळे गाडीभोवती जमले. "कुणी केलं हे?" एका काकांनी विचारलं. "आम्ही," असं मी सुरू केलं. बायको खोकली. "मामांनी," मी म्हणालो. "मी टॉर्च धरला होता."

मामा डिसेंबरात परत गेले. त्यांच्या पत्रांत आधी इंजिनाची चौकशी असे, मग मुलीची. ती रागवायची. ऑइल बदललं का, हा प्रश्न प्रत्येक पत्रात असे. मी "हो" लिहायचो, आणि पत्र पेटीत टाकण्याआधी गॅरेजात जाऊन ते खरं करून यायचो.