मोहतमिमसाहेबांची गिधाडं

"हलू नका" असं गिधाडाला सांगता येत नाही. आमच्या धंद्यातली निम्मी कला या दोन शब्दांत आहे. पालीच्या माळावर कडब्याने झाकलेल्या बैलगाडीत मी उकिडवा बसलो होतो आणि ती निम्मी कला वाया गेलेली बघत होतो. समोर मेलेला बैल, त्याच्यावर गिधाडं, माझ्या पायावर मुंग्या आणि नाकाला पंचा. बाकी सगळं ठीक होतं.

आता हे कशाला, ते सांगतो. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. बीडला माझा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खोली, उत्तरेकडून उजेड यायला काचेचं छप्पर, आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर तलाव आणि राजहंस. बीडात कुणी राजहंस पाहिलेला नव्हता, पण त्याच्यापुढे बसायला सगळे तयार असत. नवरा-नवरी बसत, वकील बसत, खत्ना झालेली पोरं बसत. पाखराचाच फोटो काढा म्हणून कोणी आलं नव्हतं. मोहतमिमसाहेब आले.

मोहतमिम म्हणजे जिल्ह्यातला खात्याचा मुख्य. हे आबकारीचे, म्हणजे शिंदी, दारू, मोहाची फुलं यांच्यावरचे. नाव रुस्तमजी. पारशी. बिनलग्नाचे, पन्नाशीला आलेले, आणि सदा दौऱ्यावर.

"गिधाडांचा फोटो पाहिजे," ते खुर्चीवर बसत म्हणाले.

"जिवंत का मेलेली?"

"जिवंत. पुष्कळ पाहिजेत. आणि तब्येतीने चांगली."

साहेब लोकांची डोकी उन्हाने फिरतात हे मला माहीत होतं. पण हे गृहस्थ शांत होते. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बोलायला लागले.

"माझी आई मुंबईला एकटी राहते. मागच्या महिन्यात मोरीत पडली. सकाळी दूधवाला आला तेव्हा कळलं. रात्रभर तिथेच होती." मांडीवरची टोपी फिरवत म्हणाले, "मी म्हणतो, बीडला ये. ती विचारते, तिथे गिधाडं आहेत का? नसली तर नाही येत. मी मेले तर तू मला मातीत पुरशील."

पारशांची रीत मला ऐकून माहीत होती. माणूस गेलं की दखम्यात ठेवतात. दखमा म्हणजे उंच गोल भिंत, वर छप्पर नाही. गिधाडं येतात आणि पुढचं काम करतात. मी म्हणालो, "पण साहेब, बीडात दखमा कुठंय?"

"भिंत गवंडी बांधील, फोटोवाले. गिधाड कोण बांधील?"

हसू आलं होतं, पण त्यांचं तोंड बघून गिळलं. म्हणालो, "मग लिहून कळवा ना, गिधाडं हायेत म्हणून. पालीच्या कड्यावर थवेच्या थवे हायेत."

"कळवलं. ती म्हणते, तू लहानपणापासून खोटं बोलतो."

म्हणजे पुरावा पाहिजे होता. पुराव्याचं काम मी आधी केलेलं होतं, कोर्टासाठी, पण तिथे बांध आणि विहिरी असत. त्या उडून जात नाहीत.

पहिल्यांदा आम्ही पालीजवळच्या कड्यापाशी गेलो. गिधाडांची घरटी तिथेच. खडकावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले की समजायचं, वर बिऱ्हाड आहे. स्टँड लावला, काळ्या कापडात डोकं घातलं, फोकस केला, फोटो काढला. धुऊन, छापून साहेबांपुढे ठेवला.

"हे काय, मिरे सांडले?"

"गिधाडं हायेत, साहेब."

"आईला चष्मा आहे. दुर्बीण नाही."

बरोबरच होतं त्यांचं. लांबचं जवळ आणणारी लेन्स माझ्याकडे नव्हती. फोटोवाल्याने स्वतःच जवळ जायचं असा तेव्हाचा कायदा. आणि गिधाड जवळून दोनच ठिकाणी भेटतं, घरट्यात नाहीतर पंगतीला. दोराने कडा उतरायला मी काही घोरपड नव्हतो. राहिली पंगत.

पंगतीला यजमान लागतो. पालीच्या रामजी तात्यांचा म्हातारा बैल त्याच आठवड्यात मेला. आम्हाला निरोप मिळाला, आम्ही गाडी जुंपून गेलो. मी तात्यांना सांगितलं की बैल माळावर टाकल्यावर गिधाडं येतील तेव्हाचा फोटो काढायचा आहे. तात्या अंगावरच आले.

"माज्या राजाचा? गिधाडं त्याला तोडायलेत, आसा फोटू? कावून बे? तुजा बाप मेला तवा काढलता का आसा?"

माझा बाप तेव्हा चांगला हिंडता-फिरता होता, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मोहतमिमसाहेब पुढे झाले. माणूस सरकारी, पट्टेवाला बरोबर, एक दम दिला असता तर काम झालं असतं. दम दिला नाही. टोपी काढली आणि आईचं सगळं सांगितलं. मोरीत पडली तेही सांगितलं. तात्या खाली बघत ऐकत राहिले.

"म्हातारी येकटीच हाय?"

"एकटीच."

"मंग काढा. पर आदी माज्या राजाचा चांगला फोटू काढायचा. झूल घालून. आमी समदे बसणार संगं. मंग तुमचं काय ते करा."

तर पहिला फोटो त्याचा झाला. पोळ्याची झूल काढली. तात्यांच्या बायकोने शिंगांना तेल लावलं, कपाळाला कुंकू लावलं आणि तोंडाला पदर लावून लई रडल्या. घरातली सगळी माणसं बैलाच्या मागे ओळीने बसली. "हलू नका," मी सवयीने म्हणालो. इतकं न हलणारं गिऱ्हाईक मला पुन्हा मिळालं नाही. हे तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर त्या माळावर बैलाशेजारी मीच पडलो असतो. तो फोटो मात्र फार चांगला आला. तात्यांनी तो देवळीत ठेवला होता, बालाजीच्या शेजारी.

मग कातडं काढणाऱ्यांनी त्यांचं काम केलं. माळ मोकळा झाला. मी कडब्याच्या गाडीत बसलो. साहेबांना म्हणालो, "तुम्ही त्या डाव्या हाताच्या बांधाआड बसा, आणि काही झालं तरी उठू नका."

गिधाड आलं म्हणजे लगेच जेवत नाही. आधी लांब बसतं. खरेदीखताला आलेल्या साक्षीदारासारखं इकडं तिकडं बघत राहतं. मग दुसरं येतं, तेही बसतं. ऊन चढलं, माझी कंबर धरली, पंच्यातूनसुद्धा वास यायला लागला. आणि एकाने सुरुवात केली मात्र, सगळी तुटून पडली. काय तो कालवा! पंख आपटतायत, एकमेकांच्या पाठीवर चढतायत, माना आत-बाहेर.

इथेच गाडं अडलं. प्लेट म्हणजे मसाला लावलेली काच. उजेड पडला की तिच्यावर चित्र उमटतं, पण सावकाश. समोरचा हलला की चित्राचं धुकं होतं. एक प्लेट घातली, धुकं. दुसरी घातली, तेही धुकंच असणार हे न धुता कळत होतं. असं करत करत शेवटची प्लेट हातात राहिली. मी ती कॅमेऱ्यात सरकवली आणि मोहतमिमसाहेब उभे राहिले.

नुसते उभे राहिले नाहीत, बांधावर चढले. गिधाडं नीट खातात की नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं! नाकाला रुमाल लावून, वाकून, बघायले. माझ्या तोंडाशी अशी एक शिवी आली की विचारू नका. पण माणूस साहेब, आणि ओरडलो तर पाखरं उडणार.

उडाली नाहीत. पोटं इतकी भरली होती की उडायची ताकदच नव्हती. सगळ्यांनी खाणं थांबवलं, माना वर केल्या आणि साहेबांकडे बघत राहिली. एकदम चिडीचूप. एक पीस हललं नाही. मी कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला, फोटो काढला.

सगळ्या प्लेटींत तेवढीच एक स्वच्छ निघाली. प्रत्येक पीस मोजून घ्यावं अशी. उघड्या माना, मानांना रक्त, तट्ट फुगलेले गळे. आणि डाव्या कोपऱ्यात बांधावर, आभाळाच्या उजेडात, साहेब.

"वा!" ते म्हणाले. मग कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "हे कोण?"

"आपणच."

"मी असा दिसतो?" बराच वेळ बघत राहिले. "मला काढून टाका. आणि ह्यांच्या माना बघा, कसं रक्त! आईला बघवणार नाही. जरा सभ्य करा."

याला आमच्यात रिटचिंग म्हणतात. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवली की फोटोत सुरकुती जाते, डाग जातो. अर्ध्या बीडचे देवीचे व्रण मी असे बुजवलेत. कोपऱ्यातला माणूस घालवणं त्याहून सोपं. निगेटिव्हवरच्या आभाळाला रंग फासला की फोटोत तिथे नुसतं पांढरं येतं. तरी मी म्हणालो, "साहेब, गिधाडाला सभ्य करू नये. आहे तसं जाऊ द्या."

"फोटो कुणाचा आहे?"

"गिधाडांचा."

"फोटो माझा आहे," ते म्हणाले. केलं सभ्य. रक्त गेलं, उघड्या मानांवर लव आली, गळे आत गेले, साहेब आभाळाबरोबर नाहीसे झाले. सगळी गिधाडं लग्नाला निघालेल्या व्याह्यांसारखी दिसायला लागली. साहेब खूश होऊन फोटो घेऊन गेले.

काही दिवसांनी तेच साहेब दार ढकलून आत आले आणि फोटो माझ्यापुढे आपटला. आईने तो परत पाठवला होता. मागे गुजरातीत लिहिलं होतं, ते त्यांनीच वाचून दाखवलं. "कोंबड्या पाळल्यास हे बरं केलंस. गिधाडं दिसली की कळव."

"आता नाही येत ती," ते म्हणाले. राजहंसापुढच्या खुर्चीवर मटकन बसले. "आता मी खरं सांगितलं तरी नाही येत. पुन्हा पडेल. तिथेच पडून राहील."

मला राग आला होता, कारण दोष सगळा त्यांचा आणि नाव माझ्या स्टुडिओचं. फोटोच्या मागे शिक्का माझाच होता. पण त्या खुर्चीतला माणूस बघून रागही जागच्या जागी बसला. निगेटिव्ह काढली. टर्पेंटाइनने पेन्सिल पुसली, पाण्याने आभाळाचा रंग धुतला. माना पुन्हा उघड्या झाल्या, रक्त आलं, आणि आभाळाबरोबर साहेबही परत आले.

"मला काढा यातून," ते म्हणाले.

"आता कुणालाच काढत न्हाई. काचेत जे उमटलंय तेच छापणार."

"पण मी कशाला तिथे?"

"राहू द्या. माणूस शेजारी असला की गिधाड केवढं आहे त्याचा अंदाज येतो."

हे कारण त्यांना पटलं. सरकारी माणसाला अंदाज हा शब्द फार आवडतो. फोटो टपालात गेला.

उत्तर आलं नाही. साहेब येता-जाता दारातून माझ्याकडे नुसते बघायचे, मी मान हलवायचो. मग एका दुपारी स्टुडिओपुढे टांगा थांबला. टांग्यातून एक म्हातारी बाई उतरल्या. किडकिडीत, डोक्याला पांढरा रुमाल, अंगावर नगरपासूनची सगळी धूळ. रेल्वे तेव्हा नगरपर्यंतच, पुढे टांग्यात हाडं खिळखिळी करत यायचं. हातात माझा फोटो होता. मागचा शिक्का वाचून थेट दुकानावर आल्या होत्या.

"तू फोटोवाला?"

मराठी मुंबईची होती. मासेवालीशी भांडून शिकली असावी, कारण आवाजही त्याच मापाचा होता.

"होय बाई. या, बसा." माझी छाती फुगली होती. आपल्या एका फोटोने म्हातारी मुंबई सोडून आली, हे काय कमी झालं? म्हणालो, "गिधाडं बघायची असतील तर पाली हितून जवळच हाय. आजच गाडी सांगतो."

"गिधाड माझ्या खिडकीसमोर रोज बसते. त्याला बघायला मी एवढी आली? खुळा काय तू?" फोटो माझ्या नाकापुढे धरला आणि डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा कुठे राहते, ते सांग. मी पत्र टाकते ते कचेरीवर जाते."

"ते तर तुमचे चिरंजीव..."

"माझा पोरगा कोण ते तू मला सांगते? कोट बघ त्याचा. कुणा दुसऱ्याचा घातल्यासारखा. गळा बघ. हात बघ, नुसती काटकी." आवाज एकदम खाली आला. "एवढी सगळी पोट फुटेपर्यंत जेवली आहे. सगळ्या फोटोत उपाशी एकटा माझा रुसी."

मी फोटो हातात घेऊन बघितला. तो छापताना मी किती वेळा बघितला असेन. माना बघितल्या, पिसं बघितली, फोकस बघितला. आता बघितलं तर खरंच कोटाच्या आत माणूस कुठंय ते शोधावं लागत होतं. चप्पल घातली आणि टांग्यात पुढे बसलो.

मोहतमिमसाहेब बंगल्याच्या ओट्यावर होते. टांग्यातून कोण उतरतंय ते कळल्यावर उठले, तसेच उभे राहिले. बोलले ते एवढंच, "मम्मा, गिधाडं..."

"गप बस," बाई म्हणाल्या. "चूल कुठे आहे?"

त्या बीडलाच राहिल्या. पालीला गिधाडं बघायला कधी गेल्या नाहीत, दखम्याचा विषय निघाला तर म्हणायच्या, मेल्यावरचं मेल्यावर बघू. पुढच्या वर्षी मोहतमिमसाहेब राजहंसापुढे बसायला आले तेव्हा कोटाचं मधलं बटण लागत नव्हतं. ते रिटचिंगने लावून द्या, म्हणाले. लावून दिलं.

रिटचिंग मी सोडलं नाही, सोडून खायचं काय? डाग काढतो, व्रण बुजवतो, सांगतील तसं गोरं करतो. फक्त कडेला कुणी माणूस आला असेल तर त्याला पुसायच्या आधी विचारतो, याला घरी कोण आहे.