गुणी नव्हती ती

माझी धाकटी बहीण सोळाव्या वर्षी गेली. धुळ्याला, आमच्या राहत्या घरात, भर दुपारी. आणि ती गेल्यापासून नातेवाइकांनी तिचं जे काही करून ठेवलं आहे, त्याचा मला मनस्वी वैताग येतो.

जळगावची आत्या भेटली की डोळे पुसायला लागायची. "कित्ती गुणी पोर गं! कधी कुणाला उलटून बोलली नाही." उलटून बोलली नाही? याच आत्याला तिनं एकदा जेवताना, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आत्या, तुम्ही आलात की आईचं डोकं का दुखतं हो?" आत्या त्या दिवशी मागचा भात न घेता पानावरून उठली होती. तेव्हा ती 'शेफारलेली कार्टी' होती. मेल्यावर गुणी झाली.

गुणी नव्हती ती. हट्टी होती, भांडखोर होती. वेणी घालायला माझ्यापुढे बसली की मान एका जागी ठेवायची नाही, आणि वर वेणी वाकडी झाली म्हणून मलाच बोलायची. आमचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कोर्टात कारकून होते. घरात शुद्ध मराठीच बोललं पाहिजे हा त्यांचा दंडक. आई सोनगीरकडच्या खेड्यातली. लग्न झाल्यावर नानांच्या धाकानं तिनं आपली अहिराणी माहेरीच ठेवली होती. ही मात्र बाजारातल्या भाजीवाल्या बायकांकडून ती उचलून आली आणि मुद्दाम नानांसमोर वापरायची.

"अभ्यास झाला का?" नाना विचारायचे.

"बठ्ठा व्हई गया, नाना." म्हणजे, सगळा झाला.

नाना हातातला पेपर आपटायचे. स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजायच्या. आई तोंड दाबून हसत असायची. आणि 'तू तरी हिला आवर' म्हणून बोलणी मला.

चौदाव्या वर्षी तिचा घसा धरला, ताप आला, मग गुडघे आणि घोटे सुजले. महिनाभरानं सूज उतरली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि नानांना बाजूला घेऊन सांगितलं, "हृदयाची झडप खराब झाली आहे. पळणं, जिने, ओझं सगळं बंद. होईल तितकी पडून राहू दे." तेव्हा अशा झडपेवर आमच्यासारख्यांना तरी दुसरा इलाज नव्हता.

आम्ही माडीवर राहायचो. दवाखान्यातून घरी आल्यावर नाना तिला म्हणाले, "सावकाश, कठड्याला धरून चढ." ती धडाधडा पायऱ्या चढून वर गेली आणि वरून ओरडली, "या, या, सावकाश या!"

पुढची दोन वर्षं आमच्या घरात एकच वाक्य होतं. पड जरा. शाळा सुटली, लंगडी सुटली, पण तिचं तोंड काही मिटलं नाही. मधल्या खोलीतली खाट खिडकीशी होती. तिथून ती खालच्या गल्लीतल्या पोरांची भांडणं सोडवायची, म्हणजे आणखी लावून द्यायची. बिनमिठाची भाजी दिली की मांजराला घालायची. मांजरही ती खायचं नाही, मग तिथं मुंग्या.

"अगं, किती वेळा सांगायचं? पड ना."

"पडून पडून पाठीचा पोळपाट झालाय माझ्या."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"त्यांना म्हणावं, आठ दिवस स्वतः पडून दाखवा. मग मी पडते."



तिच्या शेवटच्या उन्हाळ्यात सोनगीरला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. तिला नेऊ नये असं नानांचं मत. पण तिनं दोन दिवस जेवण सोडलं, म्हणून नेली. मांडवात तिला लोडाला टेकून बसवलं आणि तिच्यावर लक्ष ठेवायचं काम अर्थातच मला दिलं. मी नवरीच्या केसांत गजरा माळायला आत गेले, बाहेर येते तर लोड रिकामा. विहिरीवर नाही, गोठ्यात नाही. आईचा चेहरा पांढरा पडला. मामा वऱ्हाड सोडून गावभर फिरले. शेवटी कासाराच्या दुकानात घंगाळं ठोकत बसलेला म्हातारा सोनगीरच्या गडाकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमनी भाची? ती ते किल्लावर चढी गयी."

मामा आणि मी त्या उन्हात धापा टाकत वर गेलो. ती वरच्या जुन्या विहिरीजवळ सावलीत बसली होती. तोंड लालबुंद, ओठ मात्र निळसर. खाली आग्रा रोडवरून ट्रक जात होते, ते बघत होती.

मी तिच्यावर ओरडले. काय काय बोलले, आता आठवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, श्वास जागेवर येऊ दिला आणि मामांकडे बघून म्हणाली, "मन्हा जीव शे, मामा. मी देखी लिसू." माझा जीव आहे, माझं मी बघेन. मामांना रागवायचं होतं, पण बहिणीच्या घरात इतकी वर्षं न ऐकू आलेली आपली बोली भाचीच्या तोंडून ऐकून ते विरघळले. पाठुंगळी घेऊन त्यांनी तिला खाली आणलं. त्या रात्री तिनं दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. तिला काहीही झालं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे सगळे म्हणायला लागले की पोर गडावर चढली म्हणून गेली. गडानंतर चांगले आठ महिने ती होती. आणि गेली ती मुकाट्यानं औषध घेत असताना, बिनमिठाचं खात असताना, शहाण्यासारखं वागत असताना. याचा राग कुणावर काढायचा?

थंडीत तिचे पाय सुजले. आडवं झालं की गुदमरायला लागलं. डॉक्टर घरी येऊन म्हणाले, "निजवू नका, बसवूनच ठेवा." गुंडाळलेल्या गाद्यांना टेकवून तिला बसवलं. दम लागत होता तरी ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? डॉक्टरच... म्हणाले. बसून राहा." जिंकल्याचा आनंद होता तो. दोन दिवसांनी, आई पेज गाळायला उठली तेवढ्यात, ती गेली.

तिचा एकच फोटो होता, शाळेतला. नानांनी तो मोठा करून रंगवायला दिला. रंगवणाऱ्यानं तिला गोरी केली, कपाळावरची देवीची खूण पुसली आणि कानांत मोत्यांच्या कुड्या घातल्या. भिंतीवर कुणा दुसऱ्याचीच मुलगी आली. येणारे-जाणारे हात जोडायचे. नाना म्हणायचे, "छान आलाय." मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायची.

माझं लग्न होऊन मी जळगावला आले. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आई येऊन राहिली होती. एक दिवस शेजारीण तिच्याशी बोलत बसली, मुलं किती वगैरे विचारलं, आणि नेहमीचं बोलली की चांगली माणसंच देवाला आवडतात. शेजारीण गेल्यावर आईनं दार लावलं आणि निवडायच्या तांदळाचं सूप खाली ठेवलं.

"देवाला काय आवडलं तिच्यात, कोण जाणे," आई म्हणाली. "मला तर छळ छळ छळलं तिनं."

मी म्हटलं, "आणि मला? माझ्या नव्या परकराची चिंधी केली होती तिनं, बाहुलीसाठी."

"दूध पिते म्हणायची आणि खिडकीतून ओतायची! खालच्या सोनाराच्या टोपीवर!"

आई भराभर अहिराणीत बोलायला लागली. मीही भर घालत गेले. बाळ उठून रडलं, त्याला मांडीवर घेतलं तरी आमचं चालूच. माझे यजमान कामावरून आले तेव्हा चूल पेटली नव्हती, तांदूळ तसेच सुपात होते, आणि आम्ही दोघी तिच्या नावानं कडाकडा बोटं मोडत होतो.