अंगात येणारी राणी

तमाम वाचकांस कळविण्यात येते की, जळगावातला एक गप्पिष्ट, पोट सुटलेला गृहस्थ आज प्रथमच खरं बोलणार आहे. हसू नका. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला तर नाहीच.

सुरुवात खेळापासून करतो, कारण ते सोपं आहे. आमची लेक मानसी कॉम्प्युटरवर किल्ले, तलवारी, ड्रॅगन असले खेळ खेळते. मी मागे खुर्ची टाकून टीका करतो. या खेळांत राजा म्हातारा झाला की शहाणा होतो. राणी गादीवर बसली, की एकतर चेटकीण निघते, नाहीतर वेडी. मग राज्य मंत्री चालवतो — असं का? यावर मी लेकीला भाषणही ठोकलं. बाईच्या हाती सत्ता यांना बघवत नाही, वगैरे. ती खूश झाली. मला मात्र घाम फुटला होता.

कारण — सांगतोच आता. पूर्वी आम्ही शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी राहायचो, तेव्हा तिथलं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि माझी बायको, सुमन, निवडून आली. पहिल्याच सभेत पाण्याच्या टाकीवरून तिने ठेकेदाराला असं धारेवर धरलं, की माझ्याकडे कुणी बघेना. मला ते सोसलं नाही. एवढंच. दुसरं कारण शोधून पाहिलं — नाही सापडलं.

मग पारावर बसून मी हळूच सोडून दिलं, हिच्या अंगात येतं. आवाज चढला की समजा, देवी आली. झालं. सदस्य तिला हात जोडू लागले आणि कागद माझ्यापुढे ठेवू लागले. देवीशी वाद कोण घालणार? आणि देवीला गटारीचं कोण विचारणार? सभेत आपल्याशी कुणी बोलतच नाही म्हणून ती जायची थांबली. पुन्हा कधी उभी राहिली नाही. वाटेत बायका मात्र तिच्या पाया पडत. तिला वाटे, ठेकेदाराला सुनावलं म्हणून. आजही पाहुण्यांना सांगते, मला गावाने केवढा मान दिला. मी मान डोलावतो.

परवा नव्या खेळात एक राणी सिंहासनावर बसली होती. मंत्री दरबाराला सांगत होता — राणीसाहेबांना पिशाच्चाने धरलंय, कारभार मी पाहीन. मानसीने लगेच राणीवर तलवार उपसली. शेजारी शेंगा सोलत बसलेली सुमन एकदम गावाकडच्या अहिराणीत बोलली,

"थांब व माय. हाऊ मंत्रीच सांगस बठ्ठं. तिले कोनी इचारंच नही का?"