मायच्या नळाची जाळी

त्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या सगळ्या नळांना जाळ्या बसवायचं ठरलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. सोसायटीच्या मीटिंगला बायकांमधून मी एकटीच गेले होते, आणि मला पटकन नाही म्हणता येत नाही, एवढंच कारण.

चंद्रपुरातली आमची इमारत चार मजल्यांची. खाली बोअर, गच्चीवर टाकी. मार्च संपता संपता बोअरमधून पाण्यासोबत लाल गाळ यायला लागला. मग टँकर सुरू झाले. त्यातच पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून नोटीस आली. प्रत्येक नळाला धार कमी करणारी जाळी हवी, संडासात दोन बटणांची फ्लशची टाकी हवी, गच्चीवरची टाकी भरली की पंप आपोआप बंद झाला पाहिजे. पावसाळ्याआधी माणूस येऊन तपासणार, आणि यातलं काही नसेल तर टँकर बंद. नोटीस जिन्याजवळ चिकटवली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक मला येता-जाता अडवायला लागले. आमच्याकडे कधी बसवणार, जुना नळ चालेल का, पाहुणे आले तर कसं करायचं.

मला नियम पटत होता. आजही पटतो. तरी त्या दिवसांत मी एका जागी बसू शकत नव्हते. शाळेत मुलांना शुद्धलेखन घालताना कान टँकरच्या हॉर्नकडे असायचा. घरी आले की चप्पल न काढता आधी गच्चीवर जाऊन टाकीत वाकून बघायची. नवरा म्हणायचा, "तू बघितल्यानं टाकीत पाणी वाढणार आहे का?" तो औष्णिक केंद्रात पाळीवर जायचा, आल्यावर झोपायचा. त्याला झोप लागायची याचाही मला राग यायचा.

आणि घरात माय होती.

माझं माहेर जिवतीच्या पहाडावर. कापूस, सोयाबीन, थोडी तूर, सगळं पावसाच्या भरवशावर. गाव वर आणि पाणी खाली. दिवाळीनंतर विहीर तळ गाठायची, मग बाया नाल्यात उतरायच्या. वाळूत खड्डा खणायचा, त्याला आम्ही झिरा म्हणतो. त्यात पाणी पाझरेपर्यंत बसून राहायचं, वाटीनं गुंडात भरायचं आणि ते पितळी ओझं डोक्यावर घेऊन पहाड चढायचा. माझं सगळं लहानपण मायच्या पाठीमागून ती चढण चढण्यात गेलं. घरी आल्यावर ती आम्हा भावंडांना एका बादलीत न्हाऊ घालायची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भांडी विसळलेलं पाणी वालाच्या वेलाला. ती स्वतः कधी, किती पाण्यात आंघोळ करायची ते आम्ही कुणी पाहिलंच नाही. आमचं उरेल त्यात तिचं व्हायचं.

बाबा गेले. भाऊ कामासाठी तेलंगणात गेला, तिथं एका खोलीत चौघं राहतात. मग मी मायला इकडे आणलं. लेकीच्या घरी राहायची तिला लाज वाटत होती. पहिले काही दिवस ती पाहुण्यासारखी खाटेच्या कडेवर बसायची. जेवायला वाढलं तर "पुरे पुरे" म्हणायची. मोकळी झाली ती फक्त न्हाणीघरात. आतून कडी लागली की नळ पूर्ण उघडल्याचा आवाज यायचा. बादली भरून वाहायची तरी तो बंद व्हायचा नाही. एकदा मी दार वाजवलं तर म्हणाली, "थांब वं जरा. बसली हावो." नंतर कळलं, ती पाटावर बसून थेट नळाखाली डोकं धरायची. धार टाळूवर पडू द्यायची. बाहेर यायची तेव्हा डोळे लाल, बोटांची टोकं सुरकुतलेली आणि चेहरा असा सैल झालेला, की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता.

बोअरला पाणी भरपूर होतं तोवर आम्ही काही बोललो नाही. टँकर सुरू झाल्यावर मात्र तो आवाज मला सोसेना. मी स्वयंपाकघरात भाजी चिरत असायची आणि मनात बादल्या मोजायची.

प्लंबर आमच्याकडे आला त्या सकाळी माय देवळात गेली होती. दुपारी ती न्हाणीघरातून ओरडली, "अवं, नळाले काय झालं? पानी काऊन असं येऊन राह्यलं?"

"जाळी लावली माय. पाणी वाचते."

"हे पानी हाय का? फेस हाय हा." ती दार उघडून उभी राहिली. ओला पदर, हातात लोटा. "कोनासाठी वाचते?"

"साऱ्यांसाठी. नियम आहे. आपल्याच घरी नाई, साऱ्या इमारतीत लावली."

तिनं दार लावून घेतलं. पण तिची आंघोळ त्या दिवशी लवकर आटोपली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्यावर लगेच कसंतरीही वाटलं.

आठवड्यानंतर प्लंबरला घेऊन मी घरोघर फिरले, सगळं नीट बसलंय ना ते बघायला. शेजारची बाई गंमत म्हणून आमच्यासोबत फिरत होती. शेवटी आमचं घर. प्लंबरनं न्हाणीघरातला नळ उघडला आणि जाडजूड धार बादलीत धडकली.

"मॅडम, याची जाळी कुठं गेली?"

माय हॉलमध्ये तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मीच काढली. फडक्यानं धरून फिरवली, निघाली. थे का, खिडकीत ठेवली हाय."

शेजारीण हसली. "घ्या! नियमवालीच्याच घरी!"

तिनं सहज म्हटलं असेल. माझे कान तापले. मी खिडकीतून जाळी उचलून प्लंबरच्या हातात दिली आणि म्हटलं, घट्ट बसवा. त्यानं पकडीनं अशी आवळली की हातानं निघायची नाही. दोघं गेल्यावर मी मायजवळ जाऊन बसले.

"माय, असं नको करू. लोक मले विचारते."

"विचारते तं सांग, माय म्हातारी हाय, तिले समजत नाई."

"पण समजते ना तुले."

"समजते." तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. "मी जल्मात कधी पानी सांडलं का वं? तूच सांग. थेंब सांडला का?"

"नाई."

"मंग मलेच काऊन जाळी?"

तुलाच नाही, सगळ्यांना आहे, हे मी पुन्हा म्हटलं. ती सूप पाखडत राहिली.

त्यानंतर मायनं तक्रार केली नाही. तिनं पाणी साठवायला सुरुवात केली. आधी स्वयंपाकघरातली दोन पातेली, मग बरण्या, मग रिकाम्या झालेल्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. मी शाळेतून यायची तर कोपऱ्याकोपऱ्यात भरलेली भांडी. देव्हाऱ्याखाली, दिवाणाखाली, शिवणयंत्राच्या पायडलाशी. प्रत्येकावर ताटली नाहीतर पाटी. ती स्वतः एका लोट्यात अंग पुसून घ्यायची आणि ते पाणी कुंडीतल्या झाडांना टाकायची. पहाडावरची तिची सगळी रीत माझ्या फ्लॅटमध्ये येऊन बसली होती. नळाला पाणी होतं. बारीक होतं, पण होतं. तरी ती पाणी संपल्यासारखी वागत होती. मी चालताना भांड्यांना पाय लागू नये म्हणून अंग चोरायची, आणि रात्री पाणी प्यायला उठले की दिवा लावूनच उठायची.

एका रविवारी दिवाणाखालच्या पातेल्यात मला वळवळ दिसली. डासांच्या अळ्या. शहरात तापाची साथ होतीच. मी एकेक भांडं उचललं. कुंड्या भिजवल्या, फरशी धुतली, आणि तरी उरलं ते न्हाणीच्या मोरीत ओतलं. माय दारात येऊन उभी राहिली.

"वतलं?"

"किडे झाले होते माय."

"सारं वतलं?"

तिनं रिकामं पातेलं उचलून पालथं घातलं. मग जाऊन झोपली. चहालाही उठली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत शेजारणीचा फोन आला. तुमची आई पिशवी घेऊन खाली उतरली, मी विचारलं तर बसनं जातो म्हणाली, तुम्हाला माहीत आहे ना? मी मुख्याध्यापकांना सांगून निघाले. ऑटोनं बसस्टँड. जिवतीची बस जाऊन वेळ झाली होती. मायकडे मोबाइल होता, पण तो ती बंद करून ठेवायची, चार्जिंग संपू नये म्हणून. नवरा पाळीवर. मी तशीच राजुऱ्याच्या बसमध्ये बसले. मनात एकच घोळत होतं, हिला तिथं कोण आहे? घर बंद, उन्हाळा माथ्यावर, आणि पहाडावर तर इथल्याहून पाणी कमी. राजुऱ्याला उतरून पुढची बस धरली. कोळशाचे ट्रक, काळी धूळ, मग सिमेंटचे कारखाने, मग घाट. खिडकीची दांडी इतकी तापली होती की हात ठेवता येत नव्हता, आणि मी तोच हात परत परत ठेवत होते.

गावात पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. टँकर विहिरीत पाणी सोडून नुकताच गेला होता आणि विहिरीभोवती बाया होत्या. माय त्यांच्यात होती. पदर खोचलेला, हातात दोर. कुणाला तरी काहीतरी सांगत होती आणि सगळ्या हसत होत्या. मला पाहून तिनं दोर सोडला नाही.

"आली काऊन? सुट्टी हाय का?"

एक म्हातारी म्हणाली, "पोरगी घाबरली वं तुही. सांगून तरी यायचं."

"सांगतलं अस्तं तं येऊ देल्ली अस्ती का?" माय म्हणाली आणि दोर ओढायला लागली.

घरी गेल्यावर तिनं मला गुळाचा खडा आणि लोटाभर पाणी दिलं. गढूळ होतं, मी प्यायले. अंगणात तिनं आधीच झाडलोट केली होती. मी म्हटलं, "माय, इथी काय आहे? तिथी नळ आहे, पंखा आहे. इथी तुले दोर ओढा लागते."

ती चुलीत काड्या सारत होती. "इथी पानी नाई तं कोनालेच नाई. झगडा झाला तरी साऱ्यायचा झगडा होते. तिथी पानी हाय, अन् मी नळ उघडला का तू भिताडाच्या पलीकडून आयकते. मले माईत नाई का? मी नळाखाली बसली राहो, अन् तुहा जीव वरखाली होऊन राह्यला तिकडे."

मला वाटत होतं तिला ते कळत नाही.

"तुहा दोष नाई," ती म्हणाली. "तू भी माह्याच पोटची. तुले भी पानी मोजल्याशिवाय करमत नाई."

मी दोन दिवस राहिले. सकाळ-संध्याकाळ तिच्यासोबत विहिरीवर गेले. ती माझ्यासोबत परत आली नाही, आणि मीही जास्त ओढून धरलं नाही. मी बसमध्ये बसताना तिनं मोबाइल सुरू ठेवायचं कबूल केलं.

तपासणीचा माणूस मृगाच्या थोडं आधी आला. चार-पाच घरांत गेला, नळ उघडले, फ्लशची बटणं दाबून पाहिली. आमच्या न्हाणीघरात तो थांबला. "बादलीच्या नळाला कशाला जाळी? बादली तेवढीच भरणार, फक्त वेळ जास्त लागणार. बेसिनला लावा, शॉवरला लावा. ही काढून टाका." इतकं सहज म्हणाला आणि पुढच्या घरी गेला. मी प्लंबरला बोलावून जाळी काढून घेतली. त्याला पकड लावून जोर करावा लागला.

मायला फोन करून सांगितलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि पऱ्हाटी डोबायची, कापसाचं बी लावायची वेळ झाली, मजूर मिळत नाहीत, हे सांगायला लागली.

दिवाळीनंतर ती आली, खोकला घेऊन. हिवाळाभर राहिली. आंघोळीला नळ किती सोडायचा ते तिचं तिनं ठरवलं. मी त्या वेळी मुद्दाम खाली दूध आणायला जायची, नाहीतर रेडिओ लावायची. तिच्या ते लक्षात आलं होतं. एकदा बाहेर येऊन केस पुसत म्हणाली, "कमी कर थो रेडिओ. झाली माही आंघोळ." आणि आम्ही दोघी हसलो. त्या हसण्यानं सगळं मिटलं असं मात्र नाही. होळी झाली, ऊन वाढलं, तसं तिनं आपणहून पिशवी भरली. उन्हाळा मी तिथी काढतो, पेरणी उरकली का येतो, असं तिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं, मला नाही. मी बसपर्यंत पोचवायला गेले.

आता असंच चालतं. उन्हाळ्यात ती वर, मी खाली. गुडघे दुखतात तिचे, मला ते तिच्या आवाजावरून कळतं. परवा मधल्या सुट्टीत फोन केला. औषध घेतलं का विचारत होते, तेवढ्यात पलीकडे गलका झाला.

"टँकर आला वं," ती म्हणाली. "ठेवतो आता."

"माय, तू नको जाऊ, कोनाले तरी सांग ना..."

फोन कट झाला. वर्गात मुलं आरडाओरडा करत होती. मी थोडा वेळ व्हरांड्यात उभी राहिले, मग परत नंबर लावला. घंटी वाजत राहिली.