दातिवऱ्याच्या नोंदवहीतलं नाव

सकाळी सव्वासातच्या शटलने आम्ही बोईसर सोडलं. पहिल्या पाळीच्या कामगारांना उतरवून रिकाम्या बसगाड्या स्टेशनबाहेर उभ्या होत्या. माझी सहा वर्षांची वैशाली नवा फ्रॉक घालून खिडकीशी बसली होती, आणि माझ्या पर्समध्ये मस्कतहून आलेलं यांचं पत्र होतं. चार दिवसांत ते इतक्यांदा उघडलं होतं की घड्यांवर फाटायला आलं होतं.

यांना तिकडे फिटरचं दोन वर्षांचं काम मिळालं होतं. कुटुंबाला तेवढ्याच मुदतीचा राहण्याचा परवाना देतात, पण मुलीचा अर्ज वेगळा करायचा. जन्मदाखला, पासपोर्ट आणि परवाना या तिन्हींवर नाव अगदी सारखं हवं. माझ्या पासपोर्टात तिचं नाव अजून चढायचंच होतं. ‘महिनाअखेर दाखल्याची नक्कल इथे पोचली नाही, तर तुझा एकटीचाच परवाना होईल. मग वैशालीला आईकडे ठेवून यावं लागेल,’ असं त्यांनी लिहिलं होतं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सुट्टीवर आलेले यांचे एक सोबती रविवारी परत निघणार होते, नक्कल तेच नेणार होते. आज शुक्रवार. मूल मागे ठेवून जायच्या कल्पनेने मला चार दिवस जेवण गेलं नव्हतं.

वैशालीचा जन्म माझ्या माहेरी, दातिवऱ्याला झाला. म्हणून ही धावपळ.

पालघरला गाडी उगाचच वीस मिनिटं थांबली. सफाळ्याला उतरून धावत बाहेर आलो, तर दातिवऱ्याची एसटी आमच्या डोळ्यांसमोर वळली. दुसरी दीड तासाने. बाकावर बसवेना. मी नुसती येरझारा घालत राहिले. वैशालीने भजी मागितली, ती तिखट निघाली, मग पाणी, मग रडणं. शेवटी एसटी आली. माकुणसार, एडवण, कोरे. मधे मिठागरं, उन्हात डोळे दिपवणारी, आणि पलीकडे ताडांची रांग. एरवी हा रस्ता मला किती आवडतो! त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर मी कंडक्टरकडे रागाने बघत होते.

ग्रामपंचायतीच्या दाराला कुलूप होतं.

समोरच्या वाळूत बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकत घातले होते. तिथे काशीमावशी उभी होती. ती आमची शेजारीण. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या हिनेच घातल्या.

“भाऊसायेब एडवनला गेलेत,” ती म्हणाली. “तीनच्या गाडीला येतील. तवर जेवा.”

“मावशी, आज दाखला मिळालाच पाहिजे गं.”

“अगो, रजिस्टर पलून जात नाय. पोरीचं तोंड बघ, सुकलंय कसं.”

तिने तांदळाची भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. वैशालीने दोन भाकऱ्या खाल्ल्या. मी अर्धीच खाऊन उठले. बाबांच्या मागे आमचं घर बंदच होतं, दोन वर्षं. मावशीने किल्ली पुढे केली, पण मी घरात गेले नाही. घर बघत बसले तर गाडी आलेली कळायची नाही, असं तिला सांगितलं.

भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, साडेतीनला आले. घाटावरचे, मवाळ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कपाट उघडलं, जाड नोंदवही काढली आणि बोट खाली सरकवत नेलं.

“हे बघा. वडिलांचं नाव बरोबर, आईचं बरोबर. मुलीचं नाव हिरा.”

“हिरा नाही. वैशाली.”

“इथे हिरा आहे, ताई.”

मी वही स्वतःकडे ओढली. हिरा. माझ्या आईचं नाव. खाली खबर देणाऱ्याची सही होती. बाबांची. त्यांना फक्त सहीच येत होती, तीही प्रत्येक अक्षर वेगळं काढून.

मावशी दारातच उभी होती. मी वळून तिच्याकडे पाहिलं.

“तुजा बा बारशावरना आला,” ती हळू आवाजात म्हणाली, “नि दुसऱ्या दिशी हितं आला. जनम लिवलेला होता, नाव कोरं होतं. मला बोलला, कुठंतरी राहू दे तिचं नाव.”

बारसं बोईसरला झालं होतं. पाळण्याशी उभं राहून बाबा एकदाच म्हणाले होते, “हिरा ठेवलं तर?” सासूबाई हसल्या होत्या, जुनं नाव म्हणून. मीही हसले होते.

मला राग आला. मला न विचारता, न सांगता! “आता हे दुरुस्त कसं व्हायचं?” मी ग्रामसेवकांना विचारलं.

“अर्ज तालुक्याला पाठवायचा. दीड महिना तरी लागेल.” मग त्यांनी दाराकडे पाहिलं. “तुमची नड समजते मला. नाव बारीक आहे. खोडून वर लिहितो हवं तर. एवढ्या जुन्या पानाकडे कोण बघतंय?”

“करा,” मी म्हणाले.

त्यांनी पेनचं टोपण काढलं. पेनचं टोक कागदाला टेकणार, तोच मला ती सही पुन्हा दिसली. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर अशीच असायची, दर वेळी रेघेखाली घसरलेली.

“राहू द्या. आहे तसाच दाखला द्या.”

वैशाली इतका वेळ माझ्या पदराशी होती. “मग मी वैशाली नाही का?”

“घरी वैशाली. कागदावर हिरा.”

“आणि मस्कतला?”

“तिकडे कागदच विचारतात बाळा.”

तिने थोडा विचार केला. “मग बाबांना कळवायला पाहिजे,” ती म्हणाली. यांना कळवायचं तेवढं राहिलंच होतं.

परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली आणि मला एकाएकी आठवलं, की बाबांनी तिला कधी वैशाली म्हणून हाक मारली नव्हती. बाय, पोरी, इकडे ये गो, बस एवढंच. मला वाटायचं, मुलीच्या मुलीचा त्यांना लळा नाही. असं मी एकदा यांना बोलूनही दाखवलं होतं. बाबांना लळा नव्हता असं नव्हतंच. त्यांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं आणि चार वर्षं हिरा हे नाव ओठावर येऊ न देता सांभाळलं होतं. मी विचारलं असतं तर सांगितलं असतं का, कोण जाणे. सफाळे आलं तरी मी रडत होते, आणि कंडक्टर बिचारा उतरा म्हणायला संकोचत होता.

रविवारी नक्कल गेली. त्याच दाखल्यावर मुलीचं नाव माझ्या पासपोर्टात चढलं, तिकडे यांनी अर्ज केला, आणि दोन महिन्यांनी आम्ही दोघी मस्कतला पोचलो. परवान्याच्या शिक्क्यासाठी एका थंडगार कचेरीत बसवलं होतं. खिडकीतल्या माणसाने कागद वर धरला आणि खड्या आवाजात हाक मारली, “हिरा!”

माझी मुलगी उठून चटकन पुढे गेली. आईचं नाव ऐकून मी मात्र दाराकडे वळून पाहिलं.