दोन मुठी आणि जुबेदाचा चहा

सासूबाई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधायच्या आणि मी त्यातल्या दोन मिरच्या सोमवारी पोह्यांत घालायचे. यावरून माझी श्रद्धा ओळखा. या सदरातले गूढ अनुभव मी वाचते, पण जेवताना, करमणूक म्हणून... त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे पाहून आमचे हे मुलुंडच्या घरभर हसत फिरताहेत. हसू देत.

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात, कॅन्सर विभागात मी कोऑर्डिनेटर आहे. नव्या औषधाची ट्रायल असते, तिच्यात जायचं की नाही हे पेशंटला समजावून सांगायचं आणि संमतीपत्रावर सही घ्यायची, हे माझं काम. तिसरा मजला, कॉरिडॉरच्या टोकाची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, एकच दार. दाराच्या बरोब्बर समोर शिंदे सिस्टर बसतात, आणि त्यांच्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही.

या कामात मला माणूस करून सोडलं ते हलिमा आपांनी. कुर्ल्याला राहायच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान, म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, चष्म्याला कायम दोरी. आठवड्यातून दोन दिवस स्वतःहून यायच्या. कारण त्यांच्या मोहल्ल्यातल्या बायका आमच्याकडे आल्या की दोनच गोष्टी घडत. एक तर ‘आमच्यावर प्रयोग करतात’ म्हणून घाबरून निघून जायच्या, नाहीतर डॉक्टरांचा मान राखायचा म्हणून सगळ्याला मान हलवायच्या. आम्ही वेडे त्या हललेल्या मानेला ‘समजले’ असं लिहून मोकळे.

आपा फॉर्म बाजूला ठेवायच्या. पर्समधल्या डबीतून एक वेलची, एक लवंग काढायच्या, एकेका हातात लपवायच्या आणि दोन बंद मुठी पुढे करून ‘एक निवड’ म्हणायच्या. "चहा दोन्हीकडे हायच. तो म्हंजे तुझं नेहमीचं औषध. एकात वेलची पडते, एकात लवंग. तुला काय मिळेल ते डॉक्टरच्या हातात नाय, या बायच्याही हातात नाय. आणि दोन्ही मुठी नको म्हणून उठलीस तरी चहा मिळेलच." मग त्या बाईनेच सगळं परत सांगायचं, आपल्या शब्दांत. सांगता येईपर्यंत सही नाही. घरच्या पुरुषांना तोवर बाहेर बसवायचं.

"आपा, फॉर्ममध्ये चहा कुठेच नाही हो," मी चिडवायचे.

"म्हणून तर कुणाला कळत नाय," त्या म्हणायच्या.

मला त्या ‘घाईघाई’ म्हणायच्या. फक्त मलाच, आणि फक्त त्या खोलीत. मला त्या फार आवडायच्या, हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी रमजानच्या थोडं आधी त्या गेल्या. झोपेत, हार्ट. मी कुर्ल्याला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी जुबेदा आली. पंचेचाळिशीची, स्तनाचा कॅन्सर. रत्नागिरीजवळच्या गावातून उपचारासाठी मुलाकडे कुर्ल्याला येऊन जेमतेम चार महिने झालेले. मुलगा इमरान बरोबर होता आणि तोच बोलत होता. नवं औषध म्हणजे चांगलंच असणार, आणि डॉक्टरसाहेबांना नाही म्हटलं तर ते मनात धरतील, पुढची ट्रीटमेंटच बंद झाली तर... तो घाबरला होता बिचारा. जुबेदा मान हलवत होती.

मी फॉर्म वाचून दाखवला. दुपारचे दोन वाजले होते, ट्रायलचे डॉक्टर, आमचे सर, वाट बघत होते, दोन पेशंट रांगेत होते. मूठबीठ काही केलं नाही. ‘समजलं ना?’ विचारलं, तिने मान हलवली. म्हणाली, "तुमी सांगाल तसं."

मी पेन उघडलं, तेवढ्यात सरांचा फोन आला. इमरानला खाली लॅबमधून रिपोर्ट आणायला पाठवलं आणि मी सरांच्या केबिनमध्ये गेले. वीसेक मिनिटं लागली.

परत आले तर जुबेदा खुर्चीत सरळ बसली होती. मगाशी खाली असलेली नजर आता वर होती. मला म्हणाली, बसा, आता मी सांगते, तुमी ऐका. आणि तिने सगळी ट्रायल मला सांगितली! दर आठवड्याला यावं लागेल, जादाची सुई होईल, कुठलं औषध मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार. शेवटी म्हणाली, "आणि दोन्ही मुठी नको म्हटलं तरी चहा मिळेलच."

टेबलावरचं उघडं पेन मी बंद केलं.

कोण आलं होतं, विचारलं. ती सहज म्हणाली, त्या बाय. आपल्याकडच्याच वाटल्या, बोली आमचीच. चष्म्याला दोरी. सुई टोचते का, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं म्हणे. मग हसून म्हणाली, "तुमच्यावर रागवू नको म्हनाल्या. घाईघाई हाय, पन मनाची बरी हाय."

मी बाहेर येऊन शिंदे सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गेल्यावर कोणी आत गेलं नाही, मी जागची हलले नाही. फक्त आतून त्या बाईंचा हसण्याचा आवाज येत होता, फोनवर बोलत असतील. जुबेदाकडे फोन नव्हता. घरातला एकच फोन, तो इमरानच्या खिशात, खाली लॅबच्या रांगेत.

आता तुम्ही म्हणाल, मोहल्ल्यात आपांच्या एखाद्या जुन्या पेशंटने तिला सांगितलं असेल. मीही तेच म्हटलं, आठवडाभर स्वतःला तेच सांगत होते. पण त्याच दुपारी, जुबेदा समोर असतानाच, मी तिचा फॉर्म पुन्हा चाळला होता. झेरॉक्स मशीनने दोन पानं एकत्र ओढली होती आणि एक पान गायबच होतं... ‘आपण नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात तरी आपले नेहमीचे उपचार चालू राहतील’, हेच ते पान. मी ते वाचलंच नव्हतं, आणि वाचलं नाही हे मला कळलंही नव्हतं. बारा वर्षं हे काम करतेय मी. लाज वाटली.

सही त्या दिवशी घेतली नाही. पूर्ण फॉर्म हातात देऊन घरी पाठवलं, विचार करून या म्हटलं.

पाचव्या दिवशी जुबेदा आली, मुलाला बाहेरच बसवून. ओढणीचं टोक बोटांना गुंडाळत होती. धाकट्या मुलीचं गावी पहिलं बाळंतपण आहे, दर आठवड्याची सुई घेत बसले तर तिच्यापाशी कोण जाईल, म्हणाली. नेहमीचं औषध तीन आठवड्यांनी एकदा, मध्ये जाऊन येता येईल. "मला नाय जायचं त्यात," ती म्हणाली आणि थांबली. "त्या बाय बोलल्यात मला. पन एकदा तुमच्या तोंडून ऐकायचा हाय."

इतक्या जणींना मी इतके फॉर्म वाचून दाखवले, पण ते वाक्य आपांच्या शब्दांत मी कधी उच्चारलं नव्हतं. म्हटलं, "जुबेदा, चहा मिळेलच."

ती रडली. मीही रडले, कशाला लपवू. सरांना सांगितलं, त्यांनी नेहमीच्या उपचाराची तारीख लिहून दिली. एका मिनिटाचं काम होतं, आणि त्यासाठी ती बाई पाच दिवस झोपली नव्हती.

जुबेदा आता आजी झाली आहे. उपचार चालू आहेत, केस परत येताहेत. माझ्या पर्समध्ये आता वेलची-लवंग असते आणि सही घ्यायला मला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो.

त्या वीस मिनिटांत त्या खोलीत कोण होतं, मला माहीत नाही. ह्यांनी तीन स्पष्टीकरणं दिली, तिन्ही शहाण्यासारखी आहेत आणि एकही पुरत नाही. त्या पाचव्या दिवशी निघताना जुबेदाने ओढणीची गाठ सोडून मला एक लवंग दाखवली होती, त्या बायच्या दोन मुठींपैकी तिने निवडलेल्या मुठीतली. मी हात पुढे केला. म्हटलं, दे ना मला, आपांची आठवण म्हणून.

तिने गाठ पुन्हा घट्ट बांधली. म्हणाली, "नाय. ही माजी हाय."